सगळ्यात फिकट छेद

कागदासाठी लाकडातला सेल्युलोज, म्हणजे त्याचे धागे, हवा असतो आणि त्या धाग्यांना घट्ट धरून लाकूड कडक करणारं लिग्निन नको असतं. ते काढायला कारखान्यात लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये दाबाखाली शिजवतात. झाडानं मुळात लिग्निनच कमी तयार केलं, तर रसायनं, इंधन आणि मागे उरणारं काळं पाणी, सगळंच कमी होईल, या आशेवर आमचा सुबाभळीचा प्रकल्प उभा होता. लिग्निन घडवणाऱ्या साखळीतल्या एका एन्झाइमचं जनुक आम्ही दाबलं होतं. रोपं दुहेरी दाराच्या, जाळी लावलेल्या ग्रीनहाउसमध्ये वाढत होती.

त्या दिवशी खोडांचे छेद तपासायचे होते. ब्लेडनं पातळ चकती कापायची, त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचं. लिग्निन असेल तिथे बघता बघता डाळिंबी रंग चढतो. साध्या रोपाचा छेद भडक लाल झाला. एका जनुकबदल केलेल्या रोपाचा मात्र जेमतेम गुलाबी. रासायनिक मापनातही त्याचंच लिग्निन सगळ्यात कमी भरलं होतं. खोलीत आनंदीआनंद झाला.

मी भिंग वाढवलं. साध्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या गोल, टपोऱ्या दिसतात. इथे त्या आत चेपलेल्या होत्या, काही तर पार चिरेसारख्या. पानांतून बाष्प उडतं तसं खालचं पाणी वर ओढलं जातं आणि वाहिनीवर आतून ताण येतो. तो सोसायला भिंतीला लिग्निनचा कडकपणा लागतो. तो नसला की ओल्या कागदी स्ट्रॉसारखी वाहिनी चपटी होते.

ग्रीनहाउस सांभाळणारे काका कधीपासून सांगत होते, "ताई, ते कोपऱ्यातलं रोप दुपारी मान टाकतंय. माती ओली आहे, तरी. ऊन उतरलं की उभं राहतंय." छेद बघून मी थेट तिकडे गेले. ऐन दुपार होती. काका म्हणाले होते अगदी तसंच ते रोप झुकलेलं होतं.

हे आमच्यापुरतं नव्हतं. बेल्जियममध्ये शेतात लावलेल्या कमी लिग्निनच्या पॉपलरांचे निकाल २०१४ मध्ये आले: लाकडातून इथेनॉल सहज निघालं, पण झाडं कमी वाढली. म्हणून २०२३ चं अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातलं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या संशोधकांनी आधी जनुकबदलांच्या जवळपास ७०,००० जुळण्या संगणकावर पडताळल्या, आणि वाढ न खुंटता लिग्निन घटेल अशा मोजक्याच पॉपलरमध्ये उतरवल्या.

किडीचा प्रश्नही याच लाकडाशी जोडलेला आहे. लिग्निन हे झाडाचं चिलखतही असतं. ते काढताना कीड आत शिरायला वाट मिळते का, हे तपासावंच लागतं. चीननं २००२ मध्ये बीटी पॉपलरला, म्हणजे अळ्यांना मारणारं प्रथिन बनवणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या पॉपलरला, लागवडीची परवानगी दिली, ती पानं खाणाऱ्या अळ्यांना रोखण्यासाठी. सुबाभळीचा मोठा शत्रू म्हणजे सायलिड हा छोटा किडा. तो रस शोषतो, आणि अळ्यांवरचं ते बीटी प्रथिन त्याला काही करत नाही. एकाचं यश दुसऱ्या झाडावर जसंच्या तसं चिकटवता येत नाही, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगते.

संध्याकाळी मॅडमनी छेद स्वतः पाहिले आणि ते सगळ्यात फिकट रोप बाद केलं. नियमाप्रमाणे ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जीव करून, ते जाळलं. मधल्या गुलाबी रंगाची, ताठ उभी असलेली रोपं पुढे नेली. नोंदवहीत एक नवा रकाना आखला: दुपारी दोन वाजता पानं कशी आहेत. तो काका भरतात.