मेळघाटात रानपिंगळ्याच्या मागावर

परतवाड्याहून अंधारातच निघालो आणि उजाडता उजाडता सेमाडोह गाठलं. घुबड बघायचं तर रात्रीची बॅटरी घेऊन फिरावं लागेल, असा आमच्यातल्या एकाचा समज होता. रानपिंगळा हे छोटं घुबड मात्र दिवसा वावरणारा गडी. थंडीत ऊन वर आलं की सागाच्या उघड्या फांदीवर येऊन खुशाल शेकत बसतो. म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन तास सोडू नका.

आमचा कोरकू गाइड आधी आवाजाचा कानोसा घेत होता. मग त्याने बोट दाखवलं, आणि तिथे निघाला साधा पिंगळा! ही गल्लत सगळ्यांचीच होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. जंगली पिंगळा ही आणखी वेगळी जात, त्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी, करडी-तपकिरी. पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे. आकार जेमतेम २३ सेंटिमीटर, पण डोकं आणि पंजे त्या मानाने दांडगे. पुढे विरळ सागात तो दिसला. शेपटी झटकत खाली टक लावून होता; एकदम झेपावला आणि सरडा घेऊन वर आला.

१८८४ नंतर हा पक्षी थेट १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळात माइनर्टझागेन या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातला चोरलेला नमुना १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं भासवलं होतं. त्या खोट्या नोंदीच्या भरवशावर लोक भलतीकडेच शोधत राहिले. असल्या माणसाला काय म्हणावं!

जायचं तर जानेवारी ते मार्च. सागाची पानं गळू लागतात, नजर लांबवर पोचते. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाचा आतला, कोअर भाग बंद असतो. मुक्काम आणि जिप्सीची सोय वनविभागाकडे आधीच करा. गाइड ठरवताना 'वाघ नको, पक्षी बघायचेत' हे स्पष्ट सांगा, नाहीतर गाडी धुरळा उडवत पुढे पळते. कपडे मातकट रंगाचे घाला. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी, कारण पक्षी सेकंदात उडतो.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याची वीण चालते. ढोलीत अंडी-पिल्लं असताना नर आपलं काम टाकून त्या आवाजामागे धावतो. ढोली दिसलीच तर गाडी थांबवायला लावू नका, आणि तिची जागा फोटोसोबत कुणाला कळवू नका.