स्तोत्र ८८ कुणी फॉरवर्ड करत नाही

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर उजाडायच्या आत सुप्रभातचा पाऊस पडतो. गुलाब, उगवता सूर्य आणि खाली बायबलमधलं एक वचन. वचनंही ठरलेली. एक तर "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", नाही तर यिर्मया २९:११, म्हणजे देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत ते. पाठवणाऱ्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण सकाळची भक्ती तेवढ्यावर भागते असं मला वाटत नाही.

लग्न होऊन नगरला आले तेव्हा सासरी भक्तीचा क्रम पक्का होता. आधी उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातलं एक पद, मग शास्त्रपाठ, मग प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "हे आमच्या स्वर्गातील पित्या". पदं बहुतेक रेव्हरंड ना. वा. टिळकांची, अभंगाच्या चालीवरची. सासऱ्यांचा गळा बेताचा, पण सुरुवात त्यांनीच करायची. शास्त्रपाठाला मात्र निवड नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून रोजचा अध्याय तारखेप्रमाणे. स्तोत्रं, म्हणजे बायबलमधली प्रार्थनागीतं, १५०, रोज एक, की पाच महिन्यांत फेरी पुरी. जे येईल ते वाचायचं.

नणंदेच्या साखरपुड्याच्या सकाळी नेमकं ८८ आलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, ओट्यावर पोह्यांची परात. मी हळूच म्हटलं, "पप्पा, आज १२१ घेऊ या का?"

"ते त्याच्या दिवशी येईल," म्हणाले, आणि चष्मा पुसून वाचायला लागले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे येत नाही. रात्रंदिवस धावा करणारा माणूस देवाला विचारतो की तू तोंड का लपवतोस, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. खोलीत कुणी काही बोललं नाही. त्याच वर्षी नवरा गेलेल्या आमच्या एका मावशी मागे बसल्या होत्या. त्यांना महिनोन्‌महिने सगळे धीराची वचनं पाठवत होते. निघताना त्या स्तोत्राचा आकडा विचारून गेल्या.

तेव्हापासून मीही क्रम मोडत नाही. आवडीचंच वाचायचं म्हटलं तर देवाच्या तोंडी आपलेच शब्द घातल्यासारखं होतं. यिर्मयाचंच बघा ना. ते वचन बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, पकडून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे, म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कित्येक जण परतीचा दिवस बघणारच नव्हते. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, आणि ज्या नगरात नेऊन ठेवलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं गुलाबाच्या चित्रावर मावत नाही, मान्य आहे.

आमची भक्ती फार शांत असते असं मात्र समजू नका. नळाला पाणी आलं की कुणी तरी उठतंच, कुकर आमेनची वाट बघत नाही, आणि धाकट्याचा एक बूट रोज प्रार्थनेच्या वेळीच हरवतो. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, पहिल्याच अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमातलं सगळं गाव आजाऱ्यांना घेऊन दाराशी जमलेलं. आणि त्याला तरी निवांत बसू दिलं का? त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती शोधत आलेच: सगळे तुला शोधताहेत. गंमत म्हणजे तो माघारी जात नाही, दुसऱ्या गावांकडे चला म्हणतो. लोक बोलावतात तिकडे नाही, आपण ज्यासाठी आलो तिकडे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी म्हणूनच मार्कच सुचवते. अध्याय १६, लहान लहान प्रसंग, रोज एक अध्याय वाचला तरी सोळा दिवसांत संपतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, उत्साहाने निघालेले बरेच जण तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, अडकतात. तिथे होमबलींच्या नियमांशी गाठ पडते, आणि सकाळी सहाला ते सोपं नाही.