हातगाडी उचलली तर जागेवरच यादी मागा (माझा अनुभव)

गाडी परत मिळून महिना झाला तरी गोडाऊनच्या त्या खिडकीतला आवाज डोक्यातून जात नाहीये. "यादी दाखवा." अकरा दिवसांत हे दोन शब्द मी वीसेक वेळा तरी ऐकले असतील. आणि यादी आम्हाला कुणी दिलीच नव्हती.

आमची आई फळांची हातगाडी लावते, सोळा वर्षं झाली, जागा तीच, भाजी मंडईच्या मागच्या रस्त्याला. बाबा गेले त्या वर्षी तिने ही गाडी घेतली आणि आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं त्या गाडीवर झाली. त्यामुळे गाडी म्हणजे नुसतं लोखंड नाही आमच्यासाठी, हे आधीच सांगतो, कारण पुढे माझा आवाज कुठे चढलेला वाटला तर त्याचं कारण ते आहे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी साडेनऊच्या सुमारास पालिकेच्या अतिक्रमण विभागाचा ट्रक आला. "गाडी आली, गाडी आली" असा आवाज झाला की सगळे गाड्या ढकलत गल्लीत शिरतात, आईचा गुडघा धरतो म्हणून ती मागे राहिली. सीताफळाचे दोन क्रेट, पेरूचा एक, वरची छत्री, वजनकाटा, सगळ्यासकट गाडी वर चढवली. आई म्हणत होती साहेब पावती तरी द्या, तर "ऑफिसला या मावशी" म्हणून ट्रक गेला. मी तेव्हा कंपनीत ड्युटीवर, फोन आला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं.

आता ही जी "ऑफिसला या" ची भानगड आहे ना, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. अतिक्रमणचं ऑफिस एका टोकाला आणि उचललेला माल ठेवायचं गोडाऊन पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी ऑफिसला गेलो तर साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, म्हणाले गोडाऊनला जा, तिथे गाडी ओळखा, दंड सांगतील तो भरा, सुटला विषय. गेलो गोडाऊनला. खिडकीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, यादी? मी म्हणलं कसली यादी? म्हणे जप्तीच्या वेळी सामानाची यादी देतात, त्यावर गाडीचा नंबर असतो, ती दाखवा. आम्हाला दिली नाही म्हणलं तर "मग ऑफिसमधून आणा". परत ऑफिस. तिथे म्हणे यादी मालाबरोबर गोडाऊनलाच जाते, त्यांच्याकडेच असणार. परत गोडाऊन. तोवर पाच वाजून गेले, खिडकी बंद. तिसरा दिवस पण असाच, चौथा आणि पाचवा शनिवार-रविवार, सहाव्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेलो तर ऑफिसमधला माणूस बदलला होता आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

गोडाऊनचं फाटक उघडं असताना एकदा आत डोकावलो होतो. गाड्यांवर गाड्या चढवलेल्या, चाकं वर, छत्र्यांच्या काड्या बाहेर आलेल्या, एका कोपऱ्यात भज्यांच्या कढया एकात एक घातलेल्या. आणि कुजलेल्या फळांचा वास. आमची सीताफळं त्यातच असणार हे कळलं. साडेतीन हजाराचा माल होता, पहाटे मार्केटयार्डातून उचललेला, अर्धे पैसे अजून व्यापाऱ्याला द्यायचे होते. आईला मी हे त्या दिवशी सांगितलं नाही.

खिडकीतल्या माणसाबद्दल एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. चिडून मी त्याला म्हणलं की अहो समोर दिसतीये आमची गाडी, द्या ना. तो म्हणाला, दादा, उद्या दुसरा कुणी येऊन हीच गाडी माझी म्हणाला तर मी काय करू, माझ्याकडे कागद काय आहे? त्याचं चुकीचं नव्हतं. चूक झाली ती साडेनऊ वाजता रस्त्यावर, ज्याने गाडी उचलली आणि कागद केला नाही त्याची. आणि तो माणूस या सगळ्यात आम्हाला परत दिसलाच नाही.

सहाव्या दिवशी ऑफिसबाहेर चहाच्या टपरीवर फेरीवाल्यांच्या संघटनेचे एक काका भेटले. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अर्ज कुठाय?" मी म्हणलं रोज तर येतोय, सगळ्यांना सांगतोय. ते म्हणाले, सांगून काही होत नाही, लिहून दिलंय का? नव्हतं दिलं. सहा दिवसांत एक कागद आम्ही दिला नव्हता.

त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहितो, कारण हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर आठवडा वाचला असता. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, केंद्राचा. त्याचं कलम १९ जप्तीचं. माल उचलला तर त्याची यादी करायची आणि उचलणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला द्यायची, हे कायद्यातच आहे. आणि तुम्ही मागणी केलीत की नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेली फी घेऊन. मुदत मोजायची ती मागणी केल्यापासून! जप्ती झाल्यापासून नाही. म्हणजे तोंडी विनवण्या करत आम्ही सहा दिवस घालवले त्या सहा दिवसांत घड्याळ सुरूच झालं नव्हतं. सीताफळं त्याच संध्याकाळी घरी आली असती, एक साधा अर्ज टाकला असता तर. हे ऐकून मला जे वाटलं ते शब्दात सांगता येत नाही.

आधी त्यांनी हे पण विचारलं की जागेजवळ शाळा, दवाखाना, देऊळ किती अंतरावर आहे. मुंबईत २०१७ च्या हायकोर्टाच्या निकालाने स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, दवाखाने, देवळांपासून १०० मीटरमध्ये बसायला बंदी आहे, मुंबईवाल्यांनी ते आधी मोजून घ्या म्हणजे पुढचं भांडण कुठल्या मुद्द्यावर करायचं ते कळेल. आमची जागा तशी काही नव्हती, आणि जप्तीच्या आधी नोटीसही नव्हती. हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते.

सातव्या दिवशी अर्ज लिहिला. एक पान, हाताने. तारीख, वेळ, जागा, काय काय उचललं त्याची आम्ही केलेली यादी, "यादीची प्रत देण्यात आली नाही" हे वाक्य, आणि कलम १९ प्रमाणे माल व गाडी सोडावी अशी मागणी. अतिक्रमणच्या टेबलवर म्हणे आम्ही इथे घेत नाही. तिथे वाद घालू नका, सरळ मुख्य इमारतीतल्या आवक-जावकच्या खिडकीवर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. तो जांभळा शिक्का पडला आणि पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी केलंय.

शिक्का दाखवल्यावर बोलण्याची पद्धतच बदलली. "बसा" म्हणाले. तरी प्रश्न उरला की गाडी तुमचीच कशावरून. इथे आईने वाचवलं. तिच्याकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात पालिकेच्या रोजच्या वसुलीच्या पावत्या, रबर लावून, वर्षावर्षाचे गठ्ठे. शिवाय कोरोनात स्वनिधीचं (फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना) दहा हजाराचं कर्ज काढलं तेव्हा पालिकेनेच दिलेलं शिफारसपत्र, आणि फेरीवाल्यांच्या सर्व्हेत नाव नोंदलं त्याची स्लिप. त्याने ती विक्रेती आहे हे सिद्ध झालं, पण गाडी? मग बहिणीला आठवलं, दसऱ्याचा फोटो. आम्ही दर दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालून पूजा करतो. त्या फोटोत डाव्या दांड्याला मारलेली वेल्डिंगची पट्टी दिसते आणि मधली हिरवी फळी, जी आमच्या जुन्या घराच्या दाराची आहे. फोटो घेऊन आत गेलो, तिसऱ्या थरात खालून आमची गाडी निघाली, पट्टी तीच, फळी तीच. खिडकीतल्या माणसाने स्वतः हात लावून बघितलं आणि म्हणाला, तुमचीच आहे. आई तिथेच खाली बसली.

नंतरचं पटकन झालं, चलन, दंड, पावती, अकराव्या दिवशी टेम्पोत घालून गाडी घरी.

बाकी जसं आठवतंय तसं सांगतो. गाडीचे चारही बाजूने फोटो आजच काढून ठेवा, कुठे खूण असेल ती जवळून. ट्रक आला की भांडण्यापेक्षा मोबाइलवर शूटिंग करा आणि "यादी द्या" असं मोठ्याने म्हणा. सर्व्हे स्लिपची झेरॉक्स गाडीवर ठेवा, ओरिजिनल घरी. सर्व्हे पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवायचं नाही, हे पण त्याच कायद्यात आहे, कलम ३, हे अर्जात लिहायचं मी विसरलो होतो, तुम्ही लिहा. वसुलीच्या पावत्या टाकून देऊ नका, दहा-वीस रुपयाचा कागद वाटतो पण जागेवरची वर्षं त्यानेच मोजली जातात. तुमच्या शहरात पथविक्रेता समिती असेल तर त्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला लागतात, ते कोण आहेत ते शोधून नंबर घेऊन ठेवा, आम्ही हे नंतर केलं.

आई परत त्याच जागेवर उभी राहते. पहिल्या दिवशी तिने गाडी दोनदा धुतली, वास जाईना म्हणून लिंबू घासलं.

वजनकाटा मात्र मिळाला नाही. गोडाऊनमध्ये नाही, ऑफिसमध्ये नाही, आणि यादीच नाही म्हणल्यावर तो उचलला होता हे तरी कोण मान्य करणार. पण आम्ही त्याला दरवर्षी वैधमापनचा (वजनं-मापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का मारून घेतो, त्या कागदावर मशीनचा नंबर आहे, तो मला डब्यात सापडला. दुसरा अर्ज त्या नंबरासकट टाकलाय, आवक शिक्का घेऊन. सोमवारी परत जातोय.