नावांमधला धुरा

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत कापूस विक्रीच्या पावत्या जपून ठेवलेल्या आहेत. महाराष्ट्रात १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, त्या काळापासूनच्या सुमारे १,४०० पावत्या मी गेल्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यातील आमच्या घरी स्कॅन केल्या. पहिल्या २१२ पावत्या अस्पष्ट आल्या, म्हणून त्या ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून मी नव्याने स्कॅन केल्या. जुन्या प्रतींची नावे ‘पावती १.टिफ’ अशी होती आणि नव्यांची नुसतीच ‘१.टिफ’ अशी. जुन्या प्रती पुसण्यासाठी मी मुख्य फोल्डरमध्ये उभा राहून फाइंड या फाइली शोधणाऱ्या कमांडने शोधलेली नावे पाइपमधून एक्सआर्ग्सकडे (आलेली नावे दुसऱ्या कमांडला पुरवणारी कमांड) आणि त्याच्यामार्फत आरएमकडे (फाइली पुसणारी कमांड) दिली. जुन्या २१२ प्रती जागच्या जागी राहिल्या आणि नव्या २१२ गेल्या.

युनिक्स या संगणक प्रणालीत १९७३ साली आलेला पाइप एका कमांडचे आउटपुट दुसरीकडे नेतो, परंतु त्यातून वाहतात ती केवळ अक्षरे. एक नाव कुठे संपले हे पाइपला ठाऊक नसते. ते एक्सआर्ग्स ठरवते, आणि वेगळे काही सांगितले नाही तर ते मोकळी जागा किंवा नवी ओळ आली की नाव तोडते. त्यामुळे ‘जुने/पावती १.टिफ’ या एका नावाची दोन झाली. ‘जुने/पावती’ अशी फाइल नव्हतीच, तर ‘१.टिफ’ मुख्य फोल्डरमध्ये होती.

दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, पक्का नसला की नांगर शेजाऱ्याच्या रानात जातो, तसेच हे घडले. फाइलच्या नावात मोकळी जागा चालते, अवतरणचिन्ह चालते, नवी ओळसुद्धा चालते. तिरकी रेघ आणि शून्य-बाइट (शून्य किमतीचे, न दिसणारे चिन्ह) एवढी दोनच नावात येऊ शकत नाहीत. तिरकी रेघ फोल्डर वेगळे करण्यात गुंतलेली असल्याने धुरा म्हणून शून्य-बाइटच उरतो. फाइंडला ‘-प्रिंट०’ आणि एक्सआर्ग्सला ‘-०’ हे दोन्ही पर्याय दिले, की नाव जसेच्या तसे पोहोचते. आता मी पुसण्याआधी आरएमच्या जागी प्रिंटएफ ही नुसती छापून दाखवणारी कमांड ठेवतो आणि प्रत्येक नाव चौकटी कंसात छापून घेतो. छापून दाखवणारी दुसरी कमांड, इको, इथे उपयोगाचा नाही, कारण तो सगळी नावे मोकळ्या जागेनेच जोडून दाखवतो आणि नेमका धुराच दिसत नाही.

पेटीतल्या मूळ पावत्या शाबूत होत्या, म्हणून दोन दिवसांत नुकसान भरून निघाले. पुढे खरेदी केंद्र आणि हंगाम यांनुसार फोल्डर केल्यावर टारने (अनेक फाइली एकाच फाइलमध्ये बांधणारी कमांड) संग्रह बांधताना दुसरी गोष्ट ध्यानात आली. लिनक्स या युनिक्ससारख्या प्रणालीवरील नेहमीचे एक्सआर्ग्स एका वेळी साधारण १२८ किलोबाइटपर्यंतचीच आज्ञा बनवते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने आपली मराठी नावे ही मर्यादा लवकर गाठतात. माझ्या नावांचे दोन गट पडले, टार दोनदा चालले, आणि दुसऱ्या वेळी त्याने पहिला संग्रह पुसून त्याच नावाने नवा लिहिला. एकूण बेरीज करणाऱ्या किंवा एकच फाइल निर्माण करणाऱ्या कमांडला एक्सआर्ग्सच्या हाती देऊ नये. टारला ‘--नल’ आणि ‘-टी’ (इंग्रजी मोठ्या लिपीतला) हे पर्याय देऊन यादी थेट वाचायला लावावी.

प्रत्येक फाइलवर स्वतंत्रपणे होणारे काम मात्र एक्सआर्ग्सइतके चांगले क्वचितच कोणी करते. टिफ चित्रांची जेपेग चित्रे करण्यासाठी मी इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची मॉग्रिफाय कमांड एक्सआर्ग्सला ‘-पी ४’ (हाही मोठ्या लिपीतला) देऊन चालवली, म्हणजे चार प्रक्रिया एकाच वेळी चालतील. तरी दोनच चालू होत्या, कारण गटच दोन पडले होते. ‘-एन २०’ देऊन वीस-वीस नावांचे गट केले तेव्हा संगणकाच्या प्रोसेसरचे चारही कोअर कामाला लागले, आणि दुपारी वीज जाण्याच्या आत सगळ्या पावत्यांचे रूपांतर झाले.