सोलापूरची सेटलमेंट : 'फ्री कॉलनी'ला जाण्यापूर्वी

सोलापूर स्थानकाबाहेर मी 'सेटलमेंट फ्री कॉलनी' एवढेच म्हटले आणि रिक्षाचालकाने दोनशे रुपये सांगितले. कारण विचारल्यावर, तिकडून परतीचे भाडे मिळत नाही आणि तिथे फार वेळ थांबणेही बरे नव्हे, असे उत्तर आले. परतताना त्याच रस्त्याने शेअर रिक्षातून, बाजाराला निघालेल्या दोन बायका आणि एका शाळकरी मुलासोबत, मी वीस रुपयांत स्थानक गाठले. जास्त गेलेल्या पैशांपेक्षा चालकाचे ते दुसरे कारण मला अजून सलते आहे.

त्या कारणाचे मूळ 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. या कायद्याने काही जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवले आणि 1911 मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढली. सोलापुरात पारधी, कैकाडी, टकारी अशा अनेक जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात वसवण्यात आले; हीच 'सेटलमेंट'. रोजची हजेरी, बाहेर पडायला परवाना आणि पोटासाठी कापड गिरण्यांतली मजुरी असे ते जगणे होते.

वाचलेल्या माहितीवर विसंबून मी ते कुंपण पाहायला ऐन एप्रिलच्या दुपारी निघालो, हीच मोठी चूक झाली. पाणी आणि टोपी तुमच्याजवळ असेलच, पण दुपारी बारा ते चार या वेळेत तिथे पायी हिंडू नका, कारण गल्ल्यांत सावली जवळजवळ नाही. दीड तास फिरूनही मला तारेचा तुकडा दिसला नाही. दिसली ती पक्की घरे, दुकाने आणि पाट्यांवरचे 'फ्री कॉलनी' हे नाव. हे नाव स्वातंत्र्यानंतर आनंदाने दिले असावे असे मी धरून चाललो होतो. कट्ट्यावरच्या एका आजोबांनी तो गैरसमज दूर केला : "फ्री म्हंजे तारेच्या भायेर राहायची परवानगी. नजर कुठं सुटली होती?"

देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला, पण हा कायदा देशभरातून रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून साजरा होतो आणि ज्या 'सेटलमेंट' या नावाने माणसांना डांबले होते, तेच नाव इथल्या लोकांच्या लढ्याची खूण झाले आहे. हे समजून घ्यायचे असेल तर कुंपण शोधण्याऐवजी संध्याकाळी पाचनंतर कट्ट्यावर बसा, कॅमेरा पिशवीत ठेवा आणि कोणालाही जात विचारू नका.

दुसरा दिवस सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ल्यात गेला; त्यांची माहिती सगळीकडे मिळते.

रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवा. वस्तीऐवजी जवळच्या चौकाचे नाव सांगितले तर भाडे कमी पडते, असा सल्ला मला निघताना मिळाला होता. तुम्ही मात्र वस्तीचे पूर्ण नाव, मोठ्याने सांगा.