आधी तिचं ताट

गोळ्यांनी शुगर आवरेना आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी, ९.४ वर गेली, तेव्हा डॉक्टरांनी हिला, माझ्या बायकोला, सकाळ-संध्याकाळ तीस-सत्तरचं, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण सुरू केलं. जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं, असं त्यांनी सांगितलं. ऐकायला सोपं होतं. पण आमच्या घरात ही जेवायला बसते सगळ्यात शेवटी. लग्न होऊन साताऱ्यात आली तेव्हापासून तव्यावरची गरम भाकरी प्रत्येकाच्या ताटात पडल्याशिवाय तिनं स्वतःचं ताट घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

साडेसातला सुई, आठला आमची पंगत आणि तिचं जेवण नऊला, असं चाललं होतं. इन्सुलिन मात्र कुणासाठी थांबत नाही. अर्ध्या तासात ते कामाला लागतं, पोटात अन्न असो वा नसो.

एका संध्याकाळी ती तव्यापुढे उभी असताना नातवावर उगाच खेकसली. तिचा तो स्वभाव नाही. कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि विचारलं एक की उत्तर भलतंच. बोटाला टोचून पाहिलं तर ५४. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर लो, हे डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. ग्लुकोज पावडर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यात घालून दिली. पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ८२ आली. मग तिला लगेच जेवायला बसवलं. घरातलं कुणीतरी पेढा घेऊन धावलं होतं, पण खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी ग्लुकोज किंवा साखरेचं पाणीच बरं. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आजपासून तू आधी जेवायचं. "अहो, सगळे ताटकळत असताना मी एकटी ताट घेऊन बसू? बरं दिसतं का ते?" माझं तिनं ऐकलंच नाही. शेवटी आईच म्हणाली, "बस गं तू. भाकऱ्या काय पळून जात नाहीत." सासूनं सांगितल्यावर तिचा संकोच सुटला. आता भाकऱ्या आधी होतात, वाढायला सून आणि मी. सुई घेतली की मी घड्याळ बघतो आणि आठला पहिलं ताट तिचं. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो, औषधापेक्षाही.

संकष्टीचा प्रश्न अवघड होता. चंद्रोदय कधी नऊला, कधी त्याहून उशिरा, आणि दिवसभर साबुदाणा. म्हणजे आधी शुगर चढणार आणि रात्री इन्सुलिनवर उपाशी राहायचं. तिच्या श्रद्धेत मी पडलो नाही, निर्णय तिचाच. डॉक्टरांशी बोलून आल्यावर तिनं ठरवलं की पूजा, अथर्वशीर्ष सगळं करायचं, पण जेवण वेळेवर. चंद्राला नैवेद्य नंतर दाखवते.

सिरिंज आणायचं काम माझ्याकडे आहे. तिची बाटली ४० युनिटची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. दुकानदार घाईत नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० युनिटची देऊ शकतो, आणि तिच्यावरच्या खुणा बघून औषध भरलं तर डोस अडीचपटीनं कमी पडेल. म्हणून काउंटरवरच टोपण आणि बाटली जुळवून बघतो. नवी बाटली फ्रिजच्या दारात ठेवतो, फ्रीजरमध्ये कधीच नाही.

डॉक्टरांनी माझीही तपासणी करायला लावली, कारण घरातलं जेवण आणि बसणं-उठणं दोघांचं एकच. उपाशीपोटी ११२ आली. शंभर ते एकशे पंचवीस म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता जेवणानंतर आम्ही दोघं चालायला जातो, खिशात ग्लुकोजची पुडी असतेच. झोपण्यापूर्वी मी तिची पावलं बघतो. तळव्यावरची भेग तिला दिसत नाही आणि बधिरपणामुळे कळतही नाही.

तिची एचबीएवनसी परवा ७.३ आली. डॉक्टर म्हणाले, तिच्या वयाला एवढं पुरे, आणखी खाली ओढायला गेलो तर शुगर लो व्हायची भीती. पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या पडद्याची वर्षाची तपासणी आहे. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, त्यामुळे तिला घेऊन मी जाणार आहे. वेळ सकाळची घेतली आहे, म्हणजे दुपारचं जेवण चुकणार नाही.