स्मोक ऑन द वॉटर: पाच जणांनी केलेला एका आगीचा पंचनामा

शून्य तीन पाच, शून्य तीन सहा पाच, शून्य तीन पाच तीन शून्य. हा कुणाचा फोन नंबर नाही. गिटारच्या तारेवर कितव्या पट्टीत बोट ठेवायचं ते सांगणारे हे आकडे, गिटार हातात घेतलेल्या निम्म्या जगाला आईच्या वाढदिवसाच्या आधी पाठ होतात. मलाही झाले होते, आणि सबंध कॉलेजभर एका जाड तारेवर हे बडवून मी स्वतःला रॉकस्टार समजत होतो. ते चूक होतं हे फार उशिरा कळलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी गाणं. डीप पर्पल ह्या इंग्लिश रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर'. माझी खूप वर्षं समजूत अशी की हे काहीतरी गूढ, नशापाण्याचं वगैरे गाणं असणार, पाण्यावरचा धूर म्हणजे नक्की काहीतरी वेगळंच सुचवायचं असणार. मग एकदा शब्द नीट वाचले आणि लक्षात आलं की अरे, ह्यात काही सुचवायचंच नाहीये. हा सरळ पंचनामा आहे. कुठे गेलो, कशासाठी गेलो, आग कशी लागली, कोण धावलं, नंतर आम्ही कुठे राहिलो आणि काम कसं उरकलं, बस. रूपक नाही, प्रेम नाही, क्रांती तर नाहीच नाही.

तर झालं असं, की डिसेंबर १९७१ मध्ये बँडमधले हे पाच जण स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोला, लेक जिनिव्हाच्या काठावर, नवा अल्बम रेकॉर्ड करायला गेले. स्टुडिओ नको होता, स्टेजवर वाजवल्यासारखा आवाज हवा होता, म्हणून तिथल्या कॅसिनोतच वाजवायचं आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक उभा करायचा असा बेत. (हो, स्टोन्सकडे चाकांवरचा अख्खा स्टुडिओ होता आणि तो ते भाड्याने द्यायचे, धंदा कळत होता लोकांना.) कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार होता, त्याआधी फक्त एक कार्यक्रम उरला होता, अमेरिकन रॉकवाला फ्रँक झापा आणि त्याच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन ह्या बँडचा. ४ डिसेंबर.

कार्यक्रम रंगात आलेला असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे बोटीवर मदत मागण्यासाठी आकाशात उडवतात ती, थेट छताकडे उडवली. छताला वेताचं आच्छादन, मग काय, पेटलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही पण कॅसिनो गेला आणि झापाचं सगळं सामान गेलं. झापाचं नशीब तर इतकं फुटकं की आठवड्याभरात, १० डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं आणि तो कित्येक महिने व्हीलचेअरवर होता. त्याच्यावर वेगळं गाणं व्हायला हवं होतं खरं तर.

डीप पर्पलची मंडळी बाहेर पडली आणि मग हॉटेलातून बघत बसली, कॅसिनो जळतोय आणि धूर तळ्यावर पसरतोय. गाण्यात 'फंकी क्लोड' म्हणून जो येतो, आत बाहेर धावत पोरांना काढणारा, तो खरा माणूस, क्लोड नोब्स. माँट्रो जॅझ फेस्टिव्हल १९६७ मध्ये ज्याने सुरू केला तोच. म्हणजे पंचनाम्यात साक्षीदाराचं नावसुद्धा आहे बघा! आणि ज्या बावळटाने गन उडवली त्याला गाण्यात बावळटच म्हटलंय, जास्त विशेषणं नाहीत.

शीर्षक मात्र बास गिटारवाल्या रॉजर ग्लोव्हरला काही दिवसांनी झोपेतून उठताना सुचलं. आणि गंमत म्हणजे त्यालाच ते वापरावंसं वाटेना, कारण लोकांना वाटेल हे ड्रग्जचं गाणं आहे. म्हणजे माझ्यासारखे गैरसमज करून घेणारे असणार हे त्या माणसाने १९७१ मध्येच ओळखलं होतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कॅसिनो गेल्यावर नोब्सने त्यांना गावातलं पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरच्या एका रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर (तेच आपलं शून्य तीन पाच), ट्रॅक वाजवायला घेतला, शब्द नाहीत, नाव नाही. आवाज एवढा की आजूबाजूच्या लोकांनी तक्रार केली आणि पोलीस आले. आत टेक, म्हणजे गाण्याचं एका दमातलं रेकॉर्डिंग, चालू. मग सामान उचलणाऱ्या पोरांनी आतून दारं दाबून धरली, बाहेर स्विस पोलीस ठोकतायत आणि आत हे वाजवतायत, टेक पूर्ण झाल्यावरच दार उघडलं! आज आपण जे ऐकतो त्याचा पाया म्हणजे हे. पॅव्हिलियनमधून अर्थात हाकललं. शेवटी हिवाळ्यात ओस पडलेलं ग्रँड हॉटेल मिळालं, तिथे कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून बाकीचा अल्बम झाला. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडत एवढी पायपीट, की त्यांनी ऐकायला जाणंच बंद केलं. मला वाटतं त्या अल्बमची मजा ह्यातच आहे, बसून चुका काढायला कुणी गेलंच नाही.

अल्बम 'मशीन हेड', मार्च १९७२. आणि बँडला काय वाटत होतं, की चालणार ते 'नेव्हर बिफोर' नावाचं गाणं, म्हणून सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, त्याचं काढलं. आज ते किती जणांना गुणगुणता येतं ते विचारा. 'स्मोक' सिंगल म्हणून अमेरिकेत आलं १९७३ मध्ये, आणि बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं.

आता ते चूक वाजवण्याचं. आपण एका तारेवर वाजवतो ना, ब्लॅकमोर दोन वाजवतो, डी आणि जी, दोन्ही एकदम, आणि पिकने नाही तर बोटांनी उपटून. आकडे तेच, पण दोन सुरांमध्ये मध्यमाचं अंतर राहतं आणि त्यातून तो रुंद, जरा पोकळ आवाज येतो. शिवाय खाली बँडमधल्याच जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, तोही मार्शलच्या अँप्लिफायरमधून फाटका करून, तीच रिफ वाजवत असतो. म्हणजे आपण जिला निव्वळ गिटार समजतो त्यात अर्धी पेटी आहे म्हणा ना. आपल्या भाषेत सांगायचं तर मालकंसासारखे सा, कोमल ग, म घ्या आणि दुसऱ्या वेळी वर जाताना मध्येच तीव्र मध्यमाला स्पर्श करून शुद्ध मध्यमावर या. तो तीव्र मध्यम काढून वाजवून बघा, सगळा मसाला जातो, वरणभात उरतो.

ही रिफ आधीच कुठेतरी होती असंही म्हणतात, ॲस्ट्रुड जिल्बेर्तो ह्या ब्राझिलियन गायिकेच्या १९६६ च्या एका रेकॉर्डवर अगदी अशीच सुरावट आहे. ऐकलीय मी, साम्य आहे खरंच. पण चार सूर आहेत हो, चार सुरांवर सातबारा कुणाचा लावणार. ती सुरावट ऐकून कुणी दारं दाबून धरली नव्हती.

पुढे ह्या गाण्याने बरीच कामं केली. १९८८ च्या डिसेंबरमध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला, तेव्हा मदतीसाठी हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं, डीप पर्पलचा गायक गिलन, ब्लॅकमोर, क्वीन बँडचा ब्रायन मे, पिंक फ्लॉइडचा गिलमोर, आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन, सगळे एकत्र. आगीचं गाणं भूकंपाच्या कामी आलं. २००७ मध्ये कॅन्सस सिटीत दीड हजारांहून जास्त लोकांनी एकदम ही रिफ वाजवली, माझ्या अंदाजाने त्यातल्या हजार जणांनी एका तारेवर. गिटारच्या दुकानातल्या माणसाचा चेहरा बघितलाय ना कधी, कुणी ट्रायल घेताना हेच सुरू केलं की?

माँट्रोचा कॅसिनो १९७५ मध्ये परत उभा राहिला, त्यातला स्टुडिओ नंतर क्वीनने विकत घेतला, आणि आपल्या पाचगणीत शाळा शिकलेल्या, क्वीनच्या गायकाचा, फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा आज त्याच तळ्याकाठी उभा आहे. जायचंय एकदा. बघू, पैसे साठले की.

गाण्याखाली नावं पाचही जणांची आहेत. ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस. पंचनाम्यावर सह्या पाहिजेतच.

परवा भाचा आला होता, नवी गिटार घेऊन. अर्थातच शून्य तीन पाच. मी म्हटलं थांब, दोन तारा घे, बोटांनी उपट. "मामा, यूट्यूबवर तर एकच दाखवलीय." मग मीच घेतली आणि आवाज जरा वाढवला. दुसऱ्या राउंडला बेल वाजली, खालच्या मजल्यावरच्या काकू असणार, रात्रीचे साडेदहा झाले होते. भाचा उठायला लागला, त्याला म्हटलं बस रे, टेक होऊ दे.